‘दगड पाहून पोट भरते का?’

सिन्नरहून एका विद्यार्थिनीने पाठवलेल्या पत्राचा सारांश: ‘मी बारावी विज्ञान शाखेत शिकते. गणित बरे आहे आणि इंटरमिजिएट ड्रॉइंग ग्रेड परीक्षेत “बी” श्रेणी मिळाली होती. आमच्या घरापासून गोंदेश्वराचे देऊळ चालत दहा मिनिटांवर आहे; लहानपणापासून मी तिथे जाऊन बसते. मला कलेचा आणि स्थापत्याचा इतिहास शिकायचा आहे. वडील बांधकामाची ठेकेदारी करतात. ते म्हणतात, “दगड पाहून पोट भरते का? एवढी आवड आहे तर आर्किटेक्ट हो आणि इतिहास सुट्टीत वाच.” माझी शाळा मराठी माध्यमाची होती, त्यामुळे इंग्रजी पुस्तक वाचायला वेळ लागतो. मी बी.आर्क. करावे की बी.ए.? शिवाय एक शंका आहे. गावात सगळे गोंदेश्वराला हेमाडपंती म्हणतात, पण हेमाडपंत तर यादवांच्या अगदी अखेरच्या काळातला. मग देऊळ त्याच्या आधीचे आहे असे काही ठिकाणी का लिहिलेले असते?’

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. शेवटची शंका तुम्ही जाता जाता विचारली आहे, परंतु माझ्या दृष्टीने पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर तोच असल्यामुळे उत्तराची सुरुवात तिथूनच करते.

हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा करणाधिप, म्हणजे राजाच्या दफ्तराचा मुख्य अधिकारी; काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. चुना न वापरता दगडात दगड बसवून उभे केलेले कोणतेही जुने देऊळ दिसले की आपल्याकडे त्याला हेमाडपंती म्हणण्याची रीत पडली आहे. एखाद्या वाड्याला ‘पेशवेकालीन’ म्हणावे तितक्याच सहजपणे आपण तो शब्द वापरतो. अंबरनाथचे शिवमंदिर या शब्दाच्या आड कसे येते ते पाहा. तिथल्या शिलालेखात शक दिला आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो आधी ७८२ असा वाचला होता. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पुन्हा वाचून तो ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा ठरवला. झिजलेल्या दगडावरचा एक आकडा सात वाचायचा की नऊ, एवढ्यावर देवळाचे वय दोनशे वर्षांनी बदलले. आज सर्वमान्य असलेले १०६० हे वर्ष धरले तरी ते देऊळ हेमाद्रीच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचे ठरते, आणि त्या वेळी तिथे राज्य होते ते शिलाहारांचे. माळव्यात विदिशेजवळच्या उदयपूरला परमार राजा उदयादित्याचे मंदिर आहे. त्यातले लेख १०५९ आणि १०८० या वर्षांचे असून शिखराची जात अंबरनाथसारखीच, म्हणजे भूमिज आहे: चार दिशांना चार उभे पट्टे आणि त्यांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या एकावर एक चढत गेलेल्या रांगा. तुमचे गोंदेश्वर याच कुळातले. अंबरनाथसारखा सालाचा लेख तिथे हाताशी नसल्यामुळे अभ्यासक त्याचा काळ शैलीवरून ठरवतात, कोणी थोडा अलीकडे ओढतो तर कोणी पलीकडे. पण शैलीची ही परंपरा हेमाद्रीने सुरू केलेली नाही, एवढे निश्चित आहे. ‘हेमाडपंती’ हा लोकांनी दिलेला शब्द आहे आणि लोकांचा शब्द म्हणून त्यालाही स्वतःचा इतिहास आहे. तो कधी रूढ झाला आणि लोकांना देवळे बांधणारा म्हणून नेमका एक मुत्सद्दीच का आठवला, हा तर पुढे कधी तरी प्रबंधाचा विषय होऊ शकेल.

सगळे गाव जे म्हणते ते तुम्ही पुस्तकातल्या सालाशी ताडून पाहिले आणि दोन्हींचा मेळ बसत नाही हे तुमच्या लक्षात आले. ज्या विषयाला तुम्ही हात घालू पाहता त्यातले बरेचसे काम याच स्वरूपाचे असते. हे आवर्जून सांगण्याचे कारण असे की पहिल्या वर्षाला येणाऱ्या अनेक मुलांची समजूत राजवटी, शैली आणि साले पाठ करणे म्हणजे कलेचा इतिहास अशी असते, आणि दुसऱ्या सत्रापर्यंत ती कंटाळून जातात.

अजिंठ्याचे उदाहरण घ्या. तिथल्या महायान लेण्यांचा काळ पूर्वीचे अभ्यासक बराच ऐसपैस धरत असत. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाने अनेक दशके तिथे फेऱ्या मारून असे मांडले की हे जवळजवळ सगळे काम वाकाटक राजा हरिषेणाच्या कारकिर्दीत आणि तिच्या लगतच्या काळात, जेमतेम दोन दशकांत झाले असले पाहिजे. आता त्यांचा पुरावा पाहा. चित्रे आणि मूर्ती त्यांनी पाहिल्याच, परंतु भिक्षूंच्या कोठड्यांची लाकडी कवाडे ज्यांत बसून फिरत असत ती दगडातली भोकेही त्यांनी एकेक करून तपासली. कवाड बसवण्याच्या पद्धती टप्प्याटप्प्याने सुधारत गेल्या. तेव्हा कोणत्या लेण्यात, कोणत्या कोठडीला कोणती पद्धत आहे हे पाहून कोणता भाग आधी खोदला आणि कोणता नंतर, याचा क्रम लावता येतो, असे त्यांचे म्हणणे होते. लाखो लोक त्या दारांतून आत डोकावून बाहेर पडले असतील. भोकाकडे कोण पाहतो? स्पिंक यांचे सगळेच म्हणणे सर्वांना पटलेले नाही. नागपूरच्या वासुदेव विष्णु मिराशींनी वाकाटकांच्या कोरीव लेखांवरून हरिषेणाचा काळ साधारण ४७५ ते ५०० असा धरला होता, तर स्पिंक तो ४६० ते ४७७ असा मानतात. मिराशी लेखांच्या वाटेने गेले आणि स्पिंक दगडावरच्या खुणांच्या वाटेने गेले. तुम्हाला या दोन्ही वाटा शिकाव्या लागतील, आणि पुढे एका वाटेवर अधिक रमाल.

आता बी.आर्क. की बी.ए. या प्रश्नाकडे येऊ. बी.आर्क. हा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बारावीला गणित असल्यामुळे ‘नाटा’ परीक्षा देऊन त्याचा मार्ग तुम्हाला खुला आहे, परंतु त्यात स्थापत्याचा इतिहास किती असतो हे प्रवेशाआधीच समजून घ्यावे. सुरुवातीच्या काही सत्रांत एखाद-दुसरा पेपर असतो, आणि बाकीचा वेळ डिझाइन स्टुडिओ, संरचना, बांधकामसाहित्य, पाणी-वीज-मलनिस्सारणाची व्यवस्था, कामाचे नकाशे यांत जातो. रात्र रात्र जागून मॉडेल करायचे, सकाळी परीक्षकासमोर मांडायचे आणि त्याने ते मोडीत काढले तर पुन्हा नव्याने करायचे, असा हा क्रम पाच वर्षे चालतो. ज्याला नवी इमारत कल्पिण्याची ओढ आहे त्याला या सगळ्यात आनंद मिळतो. तुमच्या पूर्ण पत्रात, म्हणजे वर छापलेल्या सारांशापेक्षा बऱ्याच मोठ्या मजकुरात, नवी इमारत कशी असावी याविषयी एक ओळही मला सापडली नाही. जे लिहिले आहे ते उभ्या असलेल्या इमारतीविषयीच. म्हणून माझा कल बी.ए.कडे आहे. केवळ घरच्यांच्या समाधानासाठी पाच वर्षे आणि त्यांचा खर्च घालणे हा फार महाग विमा झाला.

याच्या उलट बाजूने सांगण्यासारखी गोष्टही खरी आहे. आर्किटेक्चरची पदवी घेतलेला विद्यार्थी इतिहासाकडे किंवा जतनाच्या कामाकडे वळू शकतो. दिल्लीचे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर आणि अहमदाबादची सेप्ट या संस्थांतले त्या दिशेचे पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुतांशी अशाच विद्यार्थ्यांसाठी असतात. बी.ए. करून इमारत दुरुस्त करण्याच्या कामावर सही करता येत नाही, आणि आर्किटेक्चर महाविद्यालयात पूर्णवेळ शिकवायचे झाल्यासही बहुधा बी.आर्क.ची अट आड येते. म्हणून निर्णयाआधी एक करावे. नाशिकमध्ये आर्किटेक्चरची महाविद्यालये आहेत; तिथे शिकणाऱ्या कोणा मुलीची ओळख काढून एक संपूर्ण दिवस तिच्या स्टुडिओत बसावे. संध्याकाळी घरी परतताना तुमच्या मनात तिच्याविषयी हेवा असेल तर माझा वरचा सल्ला खुशाल बाजूला ठेवावा.

बी.ए.च्या बाजूने गेलात तर कुठे जावे? पदवीपासूनच कलेचा इतिहास हा मुख्य विषय घ्यायचा असल्यास बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा हे पहिले नाव. ती १९५० साली सुरू झाली. चित्रकार आणि शिल्पकार ज्या आवारात काम करतात त्याच आवारात कलेचा इतिहासही शिकवला जातो, ही तिची मला सर्वांत आवडणारी गोष्ट. ओतकाम कसे होते हे पुस्तकात वाचण्याआधी खिडकीतून दिसते. प्रवेशासाठी परीक्षा असते, तिचे माहितीपत्रक या वर्षीचेच पाहावे. दुसरा मार्ग असा की नाशिक, पुणे किंवा मुंबईत इतिहास आणि संस्कृत घेऊन चांगली बी.ए. करावी आणि विशेष अभ्यास एम.ए.साठी ठेवावा. मुंबईत काही महाविद्यालयांत ‘प्राचीन भारतीय संस्कृती’ हा विषय बी.ए.ला मिळतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे एम.ए. आहे आणि तिथे विज्ञान शाखेतून आलेली मुलेही दिसतात. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात २००१ साली सुरू झालेली कला व सौंदर्यशास्त्राची शाखा आहे, जिथे सिद्धान्ताची बाजू भक्कम करून घेतली जाते. राष्ट्रीय संग्रहालय संस्था १९८९ साली स्थापन झाली आणि आता ती भारतीय वारसा संस्था या नावाने नोएडात आहे. तिथे कलेचा इतिहास, संग्रहालयशास्त्र आणि जतन असे तीन वेगळे मार्ग आहेत. परदेशाचा विचार एम.ए. पूर्ण होईपर्यंत मनात आणू नये, असे माझे मत आहे. तिथे जाऊन गोंदेश्वरावर लिहायचे असेल तर आधी गोंदेश्वर नीट पाहिलेले असावे लागते.

संस्थेच्या नावापेक्षा, त्या विभागात वर्षातून किती दिवस विद्यार्थ्यांना स्थळावर नेले जाते आणि तिथे त्यांच्याकडून काय करून घेतले जाते, याची चौकशी अधिक बारकाईने करावी. छायाचित्रे काढून परत येणे याला मी अभ्यासदौरा म्हणत नाही.

इंग्रजीची काळजी रास्त आहे, मात्र ती जितकी वाटते तितकी मोठी नाही. या विषयातले बहुतेक संशोधन इंग्रजीत असल्यामुळे ते वाचावेच लागेल. रोज तीन पाने, शब्दकोश उघडून, वहीत मराठीत सारांश लिहून वाचली तर वर्षभरात वेग येतो. मी स्वतः मराठी माध्यमातूनच आले आणि पहिले वर्ष असेच काढले. याउलट तुमच्या इंग्रजी माध्यमातल्या वर्गमित्रांना जे जमणार नाही त्याची यादी करून पाहा. देवळाच्या पुजाऱ्याशी, गुरवाशी, पाथरवटाशी तुम्ही थेट बोलू शकता. संस्कृत थोडे आले की शिल्पग्रंथांतले शब्द ओळखीचे वाटू लागतात. मोडी शिकलात तर पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या कागदांपर्यंत जाण्याची सोय होते, आणि वाड्याच्या हिशेबात लाकूड कुठून आले, सुताराला काय दिले हे वाचताना सुरुदार खांब, तुळई, कडीपाट हे शब्द तुम्हाला अडवणार नाहीत. बहामनी आणि निजामशाहीच्या इमारतींकडे मन गेले तर फारसीला पर्याय नाही. मराठी मुलांनी ही भाषा टाळल्यामुळे अहमदनगरच्या इमारतींचे आपल्या हातून दुर्लक्ष झाले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पोटापाण्याविषयी गोड बोलून तुमची दिशाभूल करणार नाही. संग्रहालये, केंद्र आणि राज्य सरकारची पुरातत्त्व खाती, जतनाचे काम करणारी वास्तुविशारदांची कार्यालये, कलादालने, लिलाव करणाऱ्या कंपन्या, प्रकाशन आणि अध्यापन अशी कामाची ठिकाणे आहेत. अध्यापनासाठी ‘नेट’ परीक्षा दृश्यकला किंवा पुरातत्त्व या विषयांत देता येते. परंतु कायमच्या जागा कमी, जाहिराती अनियमित आणि सुरुवातीची काही वर्षे बहुधा कराराची, तुटपुंज्या पगाराची असतात. माझ्या विद्यार्थ्यांपैकी एक जण जुन्या वाड्यांचे दस्तऐवजीकरण करतो, एक जण संग्रहालयात वस्तूंच्या पाट्या लिहिते आणि त्या इतक्या नेटक्या लिहिते की मी मुद्दाम जाऊन वाचते, आणि एकाने तीन वर्षांनी बँकेची परीक्षा दिली व तो आता सुखात आहे. घरी या तिघांचीही गोष्ट सांगा. फक्त पहिल्या दोघांची सांगितलीत तर वडिलांना ते लगेच कळेल. मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती २०१८ साली आणि मराठ्यांचे बारा किल्ले २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेले. अशा नोंदीमागे नकाशे, मोजमापे, जुने कागद आणि तुलना यांचे ढीगभर काम असते आणि नोंद झाल्यावर देखभालीचे काम सुरू होते. ते करायला माणसे लागतात, हेही त्यांना सांगता येईल. स्पर्धा परीक्षेत कला-संस्कृतीचा भाग असतो म्हणून हा विषय घेते, असे मात्र सांगू नका. ते तुमच्या मनात नाही, आणि चार वर्षांनी त्याच वाक्याचा जाब द्यावा लागेल.

प्रवेशाला अजून अवधी आहे, तोवर करण्याजोगे एक काम देते. पहिल्या अभ्यासदौऱ्यावर आमच्या बाईंनी आम्हाला एका देवळासमोर बसवून तासभर वर्णन लिहायला सांगितले होते. मी दहा मिनिटांत ‘मंदिर अत्यंत सुंदर व कोरीव आहे’ अशा अर्थाची पाच वाक्ये लिहिली आणि उरलेली पन्नास मिनिटे माकडे पाहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्णन बाजूला ठेवायला लावून भिंतीच्या खालच्या भागाचा छेद काढायला सांगितले, म्हणजे भिंत सुरीने उभी कापली तर तिची कड कशी दिसेल ती रेषा. तेव्हा कुठे मला दिसले की ज्याला मी ‘कोरीव’ म्हणून मोकळी झाले होते त्यात तळाशी खूर आहे, त्यावर घड्यासारखा फुगीर कुंभ, मग बारीक गोलसर कलश आणि त्यावर छज्ज्यासारखा पुढे आलेला कपोत. आणि प्रत्येकाची सावली वेगळ्या जागी पडते. गोंदेश्वर पंचायतन आहे. मधल्या मुख्य देवळाचा छेद काढा आणि भोवतालच्या चारपैकी एका लहान देवळाचा काढा. दोन्हींत तेच थर आहेत का, की लहान देवळात काही गाळले आहेत? मग शिखरावर, चार पट्ट्यांच्या मध्ये, एका रांगेत लहान शिखरे किती आहेत ते मोजा. आकडा मी मुद्दामच सांगत नाही. गावातच ऐश्वर्येश्वराचे छोटे देऊळ आहे, तेही त्याच वहीत उतरवा. तुमची ‘बी’ श्रेणी या कामाला पुरून उरेल, कारण इथे रेषा देखणी असण्यापेक्षा खरी असावी लागते.

या कामात वडिलांना सोबत घ्यावे, असे मी सुचवीन, आणि हे त्यांची समजूत घालण्यासाठी म्हणून सुचवत नाही. आपल्या स्थापत्यावर आधुनिक पद्धतीने लिहिणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी राम राझ हे बंगळूरला न्यायाधीश होते. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १८३४ साली लंडनमध्ये छापला गेला. शिल्पग्रंथांतले शब्द केवळ पंडितांकडून उलगडेनात, तेव्हा त्यांनी प्रत्यक्ष काम करणाऱ्या शिल्पींची मदत घेतली होती. तुमच्या घरात तर रोज दगड-विटांशी व्यवहार करणारा माणूस आहे. ओळंबा, गुण्या आणि टेप त्यांच्याकडे असणारच. एखाद्या रविवारी सकाळी, उन्हे तिरपी असताना, त्यांना घेऊन जा. संरक्षित स्मारक असल्यामुळे तिथल्या रखवालदाराला आधी विचारा आणि दगडावर खडूची खूणही करू नका. चुन्याशिवाय हे दगड जागेवर कसे राहिले असतील, सभामंडपाच्या खांबांवरची तुळई वर कशी चढवली असेल आणि आज हे काम घ्यायचे झाले तर ते किती माणसे लावतील, हे त्यांना विचारा व ते जे सांगतील ते तारखेसह लिहून घ्या. छेद पूर्ण झाला की त्याची प्रत मला पाठवा. खूर आणि कुंभ यांच्या सांध्याशी जी बारीक खाच पडते ती नवखे हात बहुधा सरळ रेषेने पुसून टाकतात. तुम्ही ती कशी दाखवली आहे, ते मला पाहायचे आहे.